टपावर तीन होड्या: दोन चुकीची कॅरिअर आणि एक जमलेलं

निघताना काचेच्या वरच्या कडेला होडीचं नारिंगी नाक चार बोटं दिसत होतं. फोंडा घाट अर्धा उतरून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की ते आता वीतभर दिसतंय. गाडी कडेला घेतली, डिकीतलं स्टूल काढून चढून पाहिलं. पट्टे घट्ट होते. होड्या कॅरिअरवर जराही हलल्या नव्हत्या. हललं होतं ते कॅरिअरच. उतारावरच्या प्रत्येक ब्रेकला ते अख्खं लोखंडी बाजलं रूफ रेलवरून, म्हणजे टपाच्या दोन्ही कडांना लांबीने बसवलेल्या पट्ट्यांवरून, थोडंथोडं पुढे घसरत आलं होतं, तीन होड्यांसकट.

कणकवलीपर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये गेलो. मागून एसटी हॉर्न वाजवत होती आणि आमचे हे खिडकीतून हात काढून कॅरिअर धरून बसले होते. धरून काय होणार होतं देव जाणे, पण बसले होते.

मी सांगलीत राहते, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. 2019 च्या पुरात आमच्या गल्लीत होडी आली तेव्हा पहिल्यांदा मी कोणाला वल्हं मारताना इतक्या जवळून पाहिलं. मग शिकले, मग नवऱ्याला ओढलं, मग मुलगा स्वतःहून आला. आता घरात चार कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होड्या, आहेत. कृष्णेत उतरायचं तर अडचण नाही, हातगाडीवर घालून घाटापर्यंत नेता येतात. पण दिवाळीनंतर आम्हाला तारकर्लीची कर्ली खाडी खुणावते, आणि तिथे हातगाडी नेता येत नाही. तेव्हा आमच्या 2015 च्या रेनॉ डस्टर गाडीच्या टपावर हा संसार कसा बसवायचा, यावर मी दोन वर्षं आणि नको तेवढे पैसे घालवले. दुसऱ्या कोणाचे वाचावेत म्हणून लिहिते आहे.

सगळ्यात आधी वजन. दुकानात कोणी विचारत नाही, आपणही विचारत नाही. गाडीच्या पुस्तिकेत टपावर किती किलो चालतं ते लिहिलेलं असतं. आमच्या पुस्तिकेत 80 किलो आहे, आणि या 80 मध्ये कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. इथेच माझं पहिलं गणित चुकलं होतं. मी फक्त होड्या मोजल्या होत्या. बाथरूममधला वजनकाटा अंगणात आणला, मी होडी उचलून काट्यावर उभी राहिले, मग माझं वजन वजा केलं. (माझा आकडा मुलाने मोठ्याने वाचला, त्याचं पुढे काय झालं ते इथे नको.) ह्यांची 21 किलो, माझी 19, मुलाची वर बसायची, म्हणजे सिट-ऑन-टॉप, 24. तिन्ही मिळून 64. चौथी, आम्ही हौसेने सगळ्यात आधी घेतलेली दोघांची कयाक, एकटी 31 किलो. चारही मिळून 95. म्हणजे कॅरिअर कापसाचं केलं तरी चार होड्या या टपावर जाणार नाहीत. हा हिशेब खरेदीच्या आधी केला असता तर चार होड्यांचं कॅरिअर शोधण्यात गेलेले सहा महिने वाचले असते.

दुसरी गोष्ट, टपावर दिसणारी प्रत्येक रेल भार घ्यायला लावलेली नसते. बऱ्याच गाड्यांवर ती नुसती शोभेची असते. दिसायला दणकट, प्रत्यक्षात दागिना. आमच्या डस्टरची रेल खरी कामाची आहे, पुस्तिकेत तसं चित्रासकट दिलेलं आहे. ज्यांचा टप अगदी गुळगुळीत आहे त्यांना दाराच्या चौकटीत अडकणारे पाय मिळतात, पण ते नेमक्या त्या मॉडेलचेच घ्यावे लागतात. आणि कोणाकडे अजून जुनी जिप्सी किंवा ओम्नी असेल, तर त्यांच्या टपाच्या कडेची ती पन्हळ म्हणजे वरदान आहे. साधा क्लॅम्प लावा आणि विसरा.

आता घाटात घसरलेल्या त्या कॅरिअरबद्दल. आपल्याकडे ॲक्सेसरीच्या दुकानात मिळतं तेच, लोखंडी पट्ट्यांचं, चारी बाजूंनी कठडा असलेलं. लग्नाच्या वऱ्हाडाच्या बॅगा न्यायला उत्तम. मी ते घेतलं कारण ते स्वस्त होतं आणि दुकानदाराने "ताई, यावर फ्रिज जातो" असं सांगितलं. फ्रिज जात असेल. पण त्याचं स्वतःचं वजन 14 किलो, म्हणजे 64 अधिक 14, पट्टे धरण्याआधीच 78. रेलला ते धरतं कशाने, तर करंगळीएवढ्या बोल्टच्या चार यू-क्लॅम्पनी, खाली रबर नाही, गुळगुळीत रेलवर लोखंड टेकवलेलं. मधे घर्षणच नाही तर ब्रेक मारल्यावर दुसरं काय होणार? अकरावीच्या पहिल्या सत्रातला धडा आहे, मी दरवर्षी शिकवते. त्यात कठड्यामुळे होड्या आडव्या दोनच बसायच्या, तिसरी त्यांच्या डोक्यावर पालथी. उंच ओझं, वळणावर गाडी झोकांड्या खाल्ल्यासारखी. तीन होड्यांसाठी हे कॅरिअर घेऊ नका. एका होडीसाठीही नको.

दुसऱ्या खेपेला मी शहाणी झाले, म्हणजे तसं मला वाटलं. रेलवर दोन आडव्या ॲल्युमिनियमच्या दांड्या टाकायच्या आणि त्यावर होडीसाठी खास धरणी, म्हणजे होडीला धरून ठेवणारे आधार, बसवायची, ही जगभरची पद्धत. दांड्या मी थुलेच्या घेतल्या. ही स्वीडनची कंपनी 1942 पासून आहे, आणि दांड्यांच्या बाबतीत मला एकही तक्रार नाही. पायाखाली जाड रबर आहे, रेलला खालून वेढा घालणारी पकड आहे, आणि सोबतच्या चावीने आवळताना हवा तेवढा दाब आला की ती कट्ट करते. म्हणजे आवळणारा पैलवान असो वा माझ्यासारखी पाच फूट एक इंच, ताण सारखाच बसतो. दोन्ही दांड्या पायांसकट 6 किलो. किंमत म्हणाल तर साधारण चार टायरांच्या पैशांत. घरात यावरून दोन दिवस अबोला होता. पण सगळं करून झाल्यावर माझं मत असं आहे, की पैसा पायांत घालावा. होडी, धरणी, पट्टे, सगळ्यांचा भार शेवटी त्या चार पायांवर येतो. वरचं काय ते आपल्याकडे बनवून मिळतं, पाय मिळत नाहीत.

मात्र दांड्यांत पैसे गेले म्हणून धरणी मी ऑनलाइन स्वस्तातली मागवली, जे आकाराची. उलट्या धरलेल्या छत्रीच्या मुठीसारखी दिसते ही. होडी तिच्यात कुशीवर तिरकी निजते, त्यामुळे पालथी ठेवण्यापेक्षा जागा कमी लागते. कल्पना चांगली आहे. माल नव्हता. पहिल्याच तारकर्लीच्या फेरीत काळ्या रंगाखालून गंज डोकावला, खाऱ्या हवेत दोन रात्री पुरल्या. दुसऱ्या फेरीत आतल्या फोमचा गोंद उन्हाने सुटला आणि फोम कोल्हापूरच्या अलीकडे कुठेतरी उडून गेला. विकणाऱ्याला फोटो पाठवले, उत्तर आलं की फोम हा 'कन्झ्युमेबल' आहे. जणू मी तो खाल्ला.

पण माल चांगला असता तरी आमचं काम झालं नसतं. डस्टरवर दांडीची कामाची लांबी जेमतेम 120 सेंटिमीटर. त्यावर जे-धरणीच्या दोन जोड्या बसतात, तिसरी नाही. शिवाय होडी त्या मुठीच्या वरून उचलून आत घालावी लागते, म्हणजे टपाच्याही वर हातभर. मला ते एकटीने जमेना. एक किंवा दोनच होड्या असतील आणि घरात कोणी उंच असेल तर चांगल्या प्रतीची जे-धरणी जरूर घ्या. तिघांच्या घरात ती पुरत नाही.

उत्तर उभ्या खांबात होतं. दांड्यांच्या मधोमध दोन उभे खांब, एक पुढच्या दांडीवर, एक मागच्या. होड्या त्यांना टेकवून कडेवर उभ्या करायच्या, पुस्तकं कपाटात उभी ठेवतो तशा. परदेशात याला स्टॅकर म्हणतात. थुलेचा आहे, अमेरिकेतल्या याकिमाचाही आहे, आणि थुलेचा चार होड्यांपर्यंत नेतो. यात दोन फायदे. होडी पालथी किंवा उताणी घातली तर 65 सेंटिमीटर रुंदी खाते, कडेवर उभी केली तर जेमतेम 36. तिन्ही मिळून 108, म्हणजे 120 च्या दांडीत बसल्या. दुसरं म्हणजे प्लास्टिकची होडी कडेवर सगळ्यात ताठ असते. बूड सपाट आणि पातळ, उन्हात ते लगेच पिचकतं. कड वळलेली असल्याने भार झेलते. उताणी आवळून मे महिन्यात मालवणच्या बाजारात दोन तास उभी केलेली माझी होडी अजून बुडाला दांडीच्या मापाचा खळगा घेऊन फिरते आहे.

बाहेरून मागवायचं तर धरणीपेक्षा वाहतूक आणि कस्टम्सच जास्त पडत होतं. म्हणून फोनमध्ये फोटो घेऊन मी कुपवाडच्या एमआयडीसीत एका फॅब्रिकेटरकडे गेले. मिस्त्रींनी फोटो मोठा करून पाहिला, चष्मा वर केला.

"मॅडम, ह्ये होडीचं बाजलं हाय म्हणा की."

"बाजलं नाही मिस्त्री, दावण. तीन म्हशी बांधायच्या आहेत."

"मग दावं कुठाय?" मी पट्टे दाखवले. "हां, मग जमतंय."

आणि जमवलं त्यांनी. एक इंची स्टेनलेसचा पाइप, 60 सेंटिमीटर उंच, खाली हाताच्या पंजाएवढी 5 एमएमची प्लेट. दांडीच्या वरच्या बाजूला लांबच लांब खाच असते, तिच्यात सरकणारे टी-बोल्ट त्यांनी लेथवर स्वतः केले. पहिल्या वेळी डोकं अर्धा मिलिमीटर जाड झालं, खाचेत शिरेना, त्यांनी तिथल्या तिथे घासून दिलं. वरच्या टोकाला पाइप वाकवून दोन कान काढले, पट्टा ओवायला. माझी सूचना एकच होती, की स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम थेट एकमेकांना लागू द्यायचं नाही. खाऱ्या ओलाव्यात दोन वेगळे धातू टेकले की ॲल्युमिनियम खात जातं, बॅटरीसारखंच प्रकरण. मिस्त्रींनी सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून मधे घातले. पाइपभोवती आणि दांडीवर एसीच्या पाइपवर असतं ते काळं फोम चढवलं. सगळं मिळून 3,400 रुपये आणि दोन चहा. वजन साडेचार किलो.

आता हिशेब पाहा. होड्या 64, दांड्या 6, खांब साडेचार, पट्टे-दोऱ्या एक. साडेपंचाहत्तर. पुस्तिकेच्या आत, साडेचार किलो राखून. माझ्या आयुष्यात इतकं समाधान क्वचितच एखाद्या बेरजेने दिलं असेल.

ते साडेचार किलो पुढे पावसाने खाल्ले. जूनच्या तोंडावर गगनबावड्यातून येत होतो, धो-धो लागला. कडेवर उभ्या होडीची बसायची जागा बाजूला तोंड करून असते, खालच्या पोटात पाणी साठत जातं. घरी उतरवताना माझी होडी हलेना. तिरकी केली तर बादलीभर पाणी डोक्यावर. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि बादली पंधरा लिटरची. मुलाच्या होडीला भोकं आहेत, ती निथळते. आमच्या दोघांच्या होड्यांना मग रेनकोटच्या कापडाची इलॅस्टिक घातलेली टोपी शिवून घेतली. शिंप्याने "कुंडीसाठी का?" असं विचारलं.

पट्ट्यांवर वेगळं लिहायलाच हवं. ट्रकवाले वापरतात ते रॅचेटचे पट्टे होडीला लावू नका. त्याच्या दांड्याला इतकी ताकद असते की आवळताना आपल्याला कळत नाही आणि प्लास्टिक आत जातं. साधं कॅम बकल, हाताने ओढायचं, ओढता येईल तेवढंच बसतं. कापड पॉलिस्टरचं घ्यावं. नायलॉन भिजलं की सैल होतं. चार मीटरचे चार पट्टे आम्हाला पुरतात. आधी आतली होडी एकटीच खांबाला बांधायची, मग बाकीच्या दोन टेकवून तिघींना मिळून पुढे एक, मागे एक वेढा. सगळ्यात जड होडी एका बाजूला एकटी, हलक्या दोन दुसऱ्या बाजूला. हायवेला पट्टा कोकलायला लागला तर घाबरू नका. सपाट पट्टा वाऱ्यात फडफडतो, त्याचा तो आवाज. बांधताना त्याला दोन पीळ द्या, गप्प होतो.

आणि थांबून तपासा. तीन मीटरची प्लास्टिकची होडी पहाटेच्या गारव्यातून दुपारच्या उन्हात गेली की सेंटिमीटरभर लांब होते, जाडीलाही फुगते. पहाटे बांधलेला पट्टा दुपारी करकचतो, दुपारी बांधलेला रात्री ढिला पडतो. आमचा नेम असा, की सांगलीहून निघाल्यावर कोल्हापूरला पहिला थांबा, मिसळ नंतर, पट्टे आधी. नव्या दांड्यांचे पायही पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर एकदा आवळायचे असतात.

पुढच्या आणि मागच्या टोकाची दोरी बरेच जण टाळतात. मी टाळत नाही. वारा होडीच्या नाकाला खालून उचलतो, आणि हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. साठवरून नव्वदवर गेलात तर तो दीडपट होत नाही, सव्वादोन पट होतो. बॉनेटच्या आत बोल्टखाली पट्टीचा एक फास कायमचा अडकवून ठेवला आहे, न्यायच्या दिवशी तो बाहेर काढायचा. दोरी ताठ नको, होडीला ओढणारी नको, नाक उचललं तर अडवणारी हवी. शिवाय ती डोळ्यांसमोर असते. ती सैल पडली की समजायचं, वर काहीतरी हललंय. आम्ही नव्वदच्या वर जातच नाही.

उंची हा या व्यवस्थेचा खरा तोटा. डस्टर एक मीटर सत्तर, त्यावर दांड्या आणि उभ्या होड्या मिळून जवळजवळ अडीच मीटर. बेसमेंट पार्किंग विसरा. कोकणातल्या वाड्यांमधल्या अरुंद रस्त्यांवर फणसाच्या फांद्या आणि केबलवाल्याच्या तारा, दोन्हींकडे लक्ष ठेवायला शेजारी माणूस हवा. मी स्टिअरिंगवर एक चिठ्ठी लावते: 2.5. एकदा न लावता हॉटेलच्या कमानीखाली शिरले होते, रखवालदाराच्या शिट्टीने वाचले.

लांबीचं टेन्शन आम्हाला नाही, गाडी चार मीटरच्या वर आणि होड्या तीन मीटरच्या. पण पाच मीटरची समुद्री कयाक न्यायची असेल तर आधी कायदा पाहा. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात माल ठरलेल्या मर्यादेबाहेर पुढे, मागे, बाजूला किंवा उंचीला गेला तर 20,000 रुपये दंड आहे. आम्हाला आजवर एकदाच अडवलं, राधानगरीच्या पुढे. हवालदारांनी गाडीभोवती फेरी मारली. "हे काय?" "होडी आहे साहेब." "मग वल्ही कुठायत?" मुलाने डिकी उघडून दाखवली. त्यांनी एक वल्हं हातात घेऊन तोललं, "हलकं आहे की हो," म्हणाले, आणि सोडलं.

चढवण्याची युक्ती सांगते, कारण उंचीने कमी असलेल्या माणसाला सगळं याच्यावर अवलंबून. मागच्या काचेच्या वरच्या कडेला बाथरूममधली जुनी रबरी मॅट टाकायची. होडी गाडीच्या मागे जमिनीवर सरळ रेषेत ठेवायची. एक टोक उचलून मॅटवर टेकवायचं, मग मागचं टोक उचलून पुढे ढकलायचं. एका वेळी अर्धंच वजन उचलावं लागतं. वर गेली की स्टुलावर चढून कडेवर उभी करायची. 19 किलोची मी एकटी चढवते, 24 च्या वेळी मुलाला हाक मारते. परदेशात गॅस भरलेल्या दट्ट्याच्या जोरावर खाली-वर होणारी धरणी मिळतात, होडी कमरेच्या उंचीवर अडकवायची आणि ती वर उचलून देतात. पण त्यांचं स्वतःचं वजन पाहिलं आणि माझ्या राखलेल्या साडेचार किलोंकडे पाहिलं.

डिझेल जास्त लागतं, ते धरून चाला. आमची गाडी एरवी पंधराचं ॲव्हरेज देते, तीन होड्यांसकट बारा. नुसत्या रिकाम्या दांड्याही शिट्टी घालतात, म्हणून पावसाळ्यात त्या काढून माळ्यावर ठेवते.

राहिली ती 31 किलोची दोघांची. ट्रेलरचा विचार केला होता, पण घाटात तो मागे ओढायची आणि आमच्या बोळात वळवायची माझी तयारी नाही. ती आता हरिपूरला ओळखीच्यांच्या गोठ्यात आढ्याला टांगलेली असते, संगमापासून चालत पाच मिनिटांवर. विकायची असं तीन वेळा ठरलं. तिन्ही वेळा गिऱ्हाईकाने पहिला प्रश्न विचारला, की ही न्यायची कशी, आणि मी त्याला त्याच्या गाडीची पुस्तिका आणायला सांगितली.